सोळावं पान

मी खगोलशास्त्रज्ञ नाही.
टूसॉनच्या या संस्थेत मी समास मोजते.
चारही बाजूंनी एक इंच, अक्षर बारा पॉइंटाचं,
आणि मजकूर पंधरा पानं.
सोळावं पान कुणी वाचत नाही.
हा दंडक आहे, दुष्टावा नाही:
परीक्षकांच्या पुढ्यात असे गठ्ठेच्या गठ्ठे असतात
आणि त्यांनाही संध्याकाळचं विमान गाठायचं असतं.

वर्ना हॅल्व्हर्सन एकवीस वर्षं
टायटनवरच्या वाळूच्या मागे आहे.
शनीचा तो नारिंगी, धुकट चंद्र;
तिथली वाळू म्हणे वाळूच नव्हे,
आभाळातून गळलेली काजळी.
ती कशी सरकते, हे पाहायला
वर्ना तळघरातल्या लांबड्या नळीत
अक्रोडाच्या टरफलांचा भुगा उडवते.
पोत्यामागे भाव मला पाठ आहे.

तिला असा पगार नाहीच.
या प्रस्तावातून पस्तीस टक्के, दुसऱ्यातून वीस,
उरलेलं माणूस अजून कुणी मंजूर केलेलं नाही.
मी तक्त्यात भरते: वर्षाला ४.२ महिने.
रोज सहाला दारात सायकल टेकवून
जी आत येते, ती कुठल्या महिन्यांतली,
हे मी विचारत नाही.

यंदापासून आणखी एक:
परीक्षकांना कळता कामा नये, कोण लिहितंय.
'आम्ही' काढा.
'आमच्या आधीच्या कामात' काढा.
आम्ही दोघी शेजारी बसून एकेक 'आम्ही' वेचला,
तांदळातले खडे वेचावेत तसा.
चौऱ्याहत्तर निघाले.

मग आला रॉस टिलमन.
नळी त्याने बांधली होती, स्वतःच्या हाताने,
भंगारातला पंखा आणून.
मार्चमध्ये तो गेला.
त्याचं नाव ठेवलं तर आपलं ओळखू येतं.
वर्ना म्हणाली, लिही,
'नळी बांधण्यात आली.'
प्रयोग तोच, फक्त कर्तरीचा कर्मणी.
मी लिहिलं.
ती खिडकीकडे बघत होती, तिथे
पार्किंगमधल्या पालो वेर्देशिवाय काही नव्हतं.

साडेसातला दोन ओळी सोळाव्या पानावर सांडल्या.
अंथरूण मी मोजलेलं, पाय तिचे.
त्या ओळी अशा:
एकदा वीज गेली, पंखा थांबला,
आणि अंधारात भुगा आणखी थोडा वेळ सरकत राहिला;
आवाज ऐकू आला.
'याला आकडा नाही,' मी म्हणाले.
'नाही,' ती म्हणाली. 'तेव्हा आकडे घेणारं यंत्रही बंद होतं.'
तिथे खोलीत रॉसही होता.
हे तिने सांगितलं नाही,
पण ओळीत 'आम्ही' होता,
पंचाहत्तरावा,
माझ्या नजरेतून सुटलेला.

तिनेच खोडल्या.

वॉशिंग्टनला मध्यरात्रीला एक मिनिट उरतं
तेव्हा आमच्याकडे नऊला एक कमी असतो.
आम्ही आठ एक्केचाळीसला बटण दाबलं.
पडद्यावर एक पावती क्रमांक आला, अकरा आकडी.
मी घरून आणलेले तमाले तोवर गार झाले होते,
ते आम्ही तसेच खाल्ले.
बाहेर पडताना मी विचारलं, शनी कुठाय?
'पहाटे उगवेल,' ती म्हणाली,
'तेव्हा मी झोपलेली असेन.'
कधी नाही ते हसली.

माझ्या खालच्या खणात
एकोणीस वर्षांची सोळावी पानं आहेत.
कुणाची मोजमापं, कुणाची तळटीप,
एकाने तर आईचे आभार मानले होते.
पाचांतला एक प्रस्ताव मंजूर होतो, तोही
पानगळ सरल्यावर कळतं.
खण मात्र दर वर्षी भरतो.

सकाळी सायकल दारात होती.
'भुगा संपत आलाय,' वर्ना म्हणाली.
'कुठल्या खात्यावर घालू?'
तिने खांदे उडवले.
मी दोन पोती मागवली.